नवव्या फोटोवरचं गंध

त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. माझा नवरा ऑफिसला गेला होता. सासूबाईंनी नऊ फोटोंना गंध लावलं. आठ फोटोंवर काच होती, नवव्यावर नव्हती. संध्याकाळी नवरा घरी आला.

हे नऊ जण आमच्या नात्यातले नव्हते, देशातलेही नव्हते. ते बेसबॉल खेळायचे. पगार घेऊन हा खेळ खेळता येतो ही कल्पना लोकांच्या गळी उतरत होती, त्या काळात मिशिगनमधल्या एका लहान गावाने शेगड्यांच्या कारखान्याच्या जोरावर एक संघ उभा केला होता. संघ दोन-तीन उन्हाळे टिकला आणि मोडला. मोडण्याआधी केव्हातरी त्या गावातल्या एका स्टुडिओत एकेका खेळाडूचा फोटो काढला गेला, जाड पुठ्ठ्यावर चिकटवून ज्याचा त्याला दिला गेला. मग ते फोटो पेट्यांतून, माळ्यांवरून, नातवंडांच्या घरांतून विखुरले. ते एकत्र आणण्यात माझ्या नवऱ्याच्या आयुष्यातले बरेचसे शनिवार गेले.

त्याला बेसबॉल आवडायचा असं मी म्हणणार नाही. टीव्हीवर मॅच लागली की तो थोड्याच वेळात डुलक्या घ्यायला लागायचा, आणि मुलगी म्हणायची, "बाबा, यू आर द वर्स्ट फॅन एव्हर." आम्ही मिशिगनमध्येच, डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहतो. तो गाड्यांच्या ब्रेकवर काम करायचा, मी गावातल्या लायब्ररीत. आम्ही दोघं पुण्यात एका वर्गात होतो, त्यामुळे आमच्यात अरे-तुरे. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खटकलं, पण त्या मला तसं एकदाच म्हणाल्या.

पहिला फोटो त्याला शेजारच्या गल्लीतल्या गॅरेज सेलमध्ये मिळाला. आम्ही मुलीसाठी सायकल बघायला गेलो होतो. एका बुटांच्या खोक्यात जुने फोटो होते. त्यातला एक त्याने उचलला आणि चष्मा कपाळावर सरकवून जवळ धरला. फोटोतला माणूस दोन्ही हात पुढे करून झेल घ्यायच्या तयारीत उभा होता आणि चेंडू त्याच्या हातांपासून वीतभर अंतरावर हवेत होता.

"अगं, हे बघ. हा चेंडू हवेत नाहीच आहे. वरून दोरा सोडलाय."

खरंच दोरा होता, केसासारखा. त्या काळचे कॅमेरे संथ होते. उडता चेंडू त्यांना टिपता यायचा नाही, म्हणून स्टुडिओच्या छतावरून तो टांगायचे, आणि खेळाडूने पापणी न हलवता झेल घेतल्याचं सोंग करायचं. डोकं हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार असायचा, त्याचा पाय बुटांच्या मागून डोकावत होता. "काय फसवणूक आहे!" तो म्हणाला, आणि इतका खूश झाला की सायकल घ्यायची राहून गेली. त्या काळी हातमोजे नव्हते, असले तरी नावापुरते. भिंगातून त्याने मला त्या माणसाची बोटं दाखवली. एकही सरळ नव्हतं. मग स्वतःचं उजव्या हाताचं वाकडं बोट शेजारी धरलं, कॉलेजात क्रिकेट खेळताना मोडलेलं आणि नीट न बसवलेलं. "हा आपल्यातला," तो म्हणाला.

पुढे त्याच्या लक्षात आलं, आणि हे लक्षात येणं हा त्याचा खरा आनंद होता, की प्रत्येक स्टुडिओचा रंगवलेला पडदा वेगळा असतो. ह्या स्टुडिओच्या पडद्यावर वर जाणारा एक जिना होता, जिन्याच्या पायथ्याशी दगडी कुंडी, आणि कुंडीच्या जरा खाली डाव्या बाजूला एक घडी. पडदा कधीतरी चुकीचा दुमडून ठेवला असणार. ती घडी प्रत्येक फोटोत त्याच जागी होती. त्यामुळे तो दुकानांतून, प्रदर्शनांतून, ओहायो आणि इंडियानातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बैठकीच्या खोल्यांतून फोटो बघायला बसला की चेहऱ्याकडे बघायचाच नाही. "आधी घडी, मग माणूस," असं त्याचं होतं. असा एकेक करत तो संघ आमच्या घरी जमा होत गेला.

नावं शोधण्यात माझा हात होता. फोटोंच्या मागे बहुधा काहीच लिहिलेलं नसायचं. मी लायब्ररीतून जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म मागवायचे, आणि आम्ही दोघं त्या बघायच्या यंत्रासमोर खुर्च्या लावून बसायचो. नाव सापडलं की गेल्याची तारीख शोधायची, मग कबर कुठे आहे ते. उन्हाळ्यात आम्ही गाडी काढून त्या दफनभूमींत जायचो. तो दगड शोधायचा आणि समोर थोडा वेळ उभा राहायचा. फुलं वगैरे नेत नव्हता. मी गाडीत पुस्तक वाचत बसायचे. आता वाटतं, उतरायला हवं होतं. मुद्दाम टाळत होते असं नाही, पुस्तक हातात असायचं इतकंच.

आठ फोटो झाले तेव्हा त्याने ते साध्या काळ्या चौकटींत काचेखाली बसवून त्याच्या अभ्यासाच्या खोलीत ओळीने लावले. बेसबॉलचा संघ नऊ जणांचा, म्हणून शेवटी एक खिळा रिकामा ठोकून ठेवला. तीच खोली आमची पाहुण्यांची खोली. सासूबाई सांगलीहून आल्या की तिथे झोपायच्या. त्या वर्षी त्या ऑगस्टमध्ये आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"एवढ्या परपुरुषांच्या देखत मी झोपू होय रे?"

"आई, ते कधीच गेलेत."

"गेलेले तर आणखीच वाईट. पापणीसुद्धा लवत नाही मेल्यांची."

तो म्हणाला, काढून ठेवतो. त्या म्हणाल्या, "असू देत. तुला आवडतात ना." आठवडाभरात त्यांची त्या मंडळींशी ओळख झाली. दिवा मालवताना "चला, झोपा आता" म्हणायच्या. मिशीवाल्याच्या शर्टाचं बटण तुटलंय, त्याच्या बायकोला दिसत नव्हतं का, असं मला विचारायच्या. एकदा त्यांनी मुलाला विचारलं की कागद इतके चकाकतात कसे. त्याने सांगितलं, त्या वेळी कागदाला अंड्यातलं पांढरं लावायचे, त्यावर फोटो उमटायचा.

"म्हणजे मला अंड्यांच्या खोलीत ठेवलंस!"

"काचेच्या आत आहे, आई."

"काचेच्या आत असो नाहीतर डब्यात असो. अंडं ते अंडंच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपले देव त्या खोलीतल्या ड्रेसरवरून उचलले आणि स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हच्या शेजारी मांडले. येताना त्यांनी एक छोटी सहाण आणि चंदनाचं खोड टॉवेलात गुंडाळून आणलं होतं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने हा दगड कशाला, असं विचारलं तेव्हा त्यांना घेऊन आलेल्या मुलाने भाषांतर करून सांगायच्या आत त्यांनी त्याला हाताने उगाळून दाखवलं होतं. त्याने लगेच जाऊ दिलं.

नववा फोटो पितृपक्षात आला. ओहायोतल्या एका शेतघरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथे तो मिळाला. घडी जागच्या जागी होती. हा सगळ्यांत लहान दिसत होता, कान जरा बाहेर आलेले, आणि त्याच्याही समोर चेंडू दोऱ्याने टांगलेला. चौकट यायची होती, म्हणून तो फोटो अभ्यासाच्या टेबलावर, एका पांढऱ्या कागदावर ठेवला होता. जेवताना नवऱ्याने ती बातमी आईला दिली.

"संघ पूर्ण झाला, आई. नऊ."

"नाव काय ह्याचं?"

"तेच सापडत नाही. बाकी आठांची नावं मिळाली, गेलेल्या तारखा मिळाल्या. ह्याचं काहीच नाही."

"मागे कोणी नाही का?"

"असतील. कोणाला ठाऊक?"

"मग ह्याचं करतं कोण?"

त्याच्या तोंडात घास होता. तो हसत म्हणाला, "मी करतो की. इतकी वर्षं ह्यांचंच करतोय मी." मुलगी कॉलेजातून घरी आली होती, ती हसली. मीही हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी ताटातल्या भाताकडे पाहिलं आणि आमटी वाढून घेतली.

अमावास्येला त्यांनी सकाळी खीर, वडे, आमसुलाची चटणी केली. कावळ्याचा घास घरामागच्या लाकडी डेकच्या कठड्यावर ठेवला. तो खारीने नेला. "इथे खार येत असेल," त्या म्हणाल्या आणि मनाला लावून घेतलं नाही. नवरा मीटिंग आहे म्हणून लवकर गेला, मी लायब्ररीत गेले. चार वाजता परत आले तेव्हा त्यांनी मला हाताला धरून खोलीत नेलं. आठ काचांवर, आठ कपाळांच्या जागी, चंदनाचे ठिपके होते. टेबलावरच्या नवव्याच्या कपाळावरही होता. तो काचेवर नव्हता. तो फोटोतच गेला होता, आणि कडेने ओलावा पसरून कागद किंचित फुगला होता.

"ज्याची तिथी माहीत नाही, त्याचा आजचाच दिवस," त्या म्हणाल्या. उजवा हात पुढे करून त्यांनी मला तर्जनी दाखवली. "पितरांना ह्या बोटाने लावायचं. देवांना लावतो त्याने नाही."

"आई, तो अंड्याचा कागद होता."

"माहीत आहे मला. नंतर पुन्हा अंघोळ केली."

मी स्वयंपाकघरात गेले, चहा टाकला.

तो आला, बूट काढले, नेहमीप्रमाणे आधी त्या खोलीत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही म्हणून आम्ही दोघी गेलो. तो टेबलाशी उभा होता. मान वर न करता त्याने विचारलं, "आई, तुला ह्याला हात लावायला सांगितलं कोणी?"

"तूच म्हणालास ना, तू करतोस म्हणून. तू ऑफिसला गेलास, म्हणून मी केलं."

 सासूबाईंना काय झालंय ते तेव्हा कळलं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि पुसायला पुढे झाल्या. त्याने त्यांचं मनगट धरलं. "राहू दे. आता हात नको लावूस." आवाज चढवला नाही. मग त्याने स्वयंपाकघरातून काच पुसायचा स्प्रे आणि फडकं आणलं आणि आईच्या देखत एकेक करत आठही काचा पुसल्या. फडक्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. पुसून झाल्यावर सगळे फोटो उतरवले आणि तळघरात नेले. "तुला झोपायला अडचण नको," एवढंच आईला म्हणाला.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. सासूबाईंना ओरडणाऱ्या माणसांची सवय होती, सासरे तसेच होते. गप्प राहणाऱ्या मुलाचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं. तो वाईट वागला नाही. वेळच्या वेळी औषधं दिली, देवळात नेलं, गुडघ्यांना तेल चोळलं. पण जेवताना पूर्वी तो आईशी जसा वाद घालायचा, तसा त्याने पुन्हा घातला नाही. सासूबाई रिकाम्या भिंतीसमोर झोपायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मला अडचण काही नव्हती गं त्यांची."

जायच्या दिवशी डेट्रॉइटच्या विमानतळावर, व्हीलचेअर ढकलायला माणूस आला तेव्हा, त्यांनी मुलाला खाली वाकायला लावलं.

"त्या मुलाचं नाव कळलं की फोन कर मला."

"हो."

"हो म्हणतोस आणि विसरतोस."

"नाही विसरणार, आई."

सहाण त्यांनी आमच्याकडेच ठेवली. पुढच्या खेपेला लागेल, म्हणाल्या. पुढची खेप झाली नाही. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात त्या गेल्या. फोन आल्यावर मिळेल त्या विमानाने तो निघाला, तरी पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. सगळे दिवस करून परत आला. डोक्यावर केस नव्हते, लोकरीची टोपी घालून ऑफिसला जायचा, आणि ऑफिसातले लोक त्याला ऑक्टोबरातच थंडी वाजते म्हणून चिडवायचे. तो त्यांना काही सांगत नसे.

परत आल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी त्याने तळघरातून नऊही फोटो वर आणले. नवव्याला चौकट केली, काच घातली आणि रिकाम्या खिळ्यावर लावला. वर्षभरात गंध वाळून पिवळसर तपकिरी झालं होतं. जवळून पाहिलं तर त्यात बोटाच्या रेषा दिसायच्या.

"हा डाग असाच राहणार?" मी विचारलं.

"असू दे," तो म्हणाला.

आता नाइलाज आहे, असा मी त्याचा अर्थ घेतला. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याचं बोलणं बहुतेक बरोबर ओळखायचे, म्हणून विचारायची गरज वाटली नाही. त्यानंतर त्याने एकही फोटो विकत घेतला नाही. नवव्याचं नाव शोधायचंही थांबवलं. मी एकदा म्हणाले, अमक्या वर्षाची फिल्म अजून पाहायची राहिलीय, मागवू का? तो म्हणाला, कोणाला सांगायचंय आता. कधी कधी तो त्या फोटोसमोर हात मागे बांधून उभा असलेला दिसायचा. मला वाटायचं, त्या डागाने ह्याच्या आनंदाचा विचका केला, आणि त्या डागापायी आई दुरावली हे तो त्यात रोज बघतो. ते पाहून मी दारातूनच मागे फिरायचे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तो गेला. आजार थोड्याच दिवसांचा होता. हॉस्पिटलात आमचं जे बोलणं झालं ते विम्याचं, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा फिल्टर बदलायचं, कोणाला फोन करायचे त्याचं. फोटोंचा विषय निघाला नाही. पण पूर्वी एकदा कोणीतरी संघातला एकच फोटो मागायला आला होता, तेव्हा त्या माणसाला घालवून दिल्यावर नवरा मुलीला म्हणाला होता, "काहीही कर, पण ह्या नऊ जणांना वेगळं करू नकोस." ते तिच्या लक्षात होतं.

मुलगी दूर, दुसऱ्या राज्यात, ईडन प्रेरीला असते. तिचं म्हणणं, मी तिकडे यावं, एवढं घर एकटीला झेपणार नाही. तिच्याकडे मला एक खोली आहे, ऊन येतं. त्या खोलीत नऊ जण मावणार नव्हते, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याबद्दल आम्हा दोघींपेक्षा जास्त जे त्याला ठाऊक होतं ते त्याच्याबरोबरच गेलं होतं. एक विक्रेता येऊन पाहून गेला. त्याला तीनच हवे होते. नवव्यावर त्याने बोट ठेवलं आणि ओठ मुडपले. मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. मग मुलीने त्या गावातल्या छोट्या संग्रहालयाला लिहिलं, जिथे हे नऊ जण खेळायचे. ते नऊही घ्यायला तयार होते, एकत्र ठेवू म्हणाले.

यंदा वसंतात आम्ही दोघी गाडीने फोटो घेऊन गेलो. जुन्या रेल्वे स्टेशनात ते संग्रहालय आहे. तिथला व्यवस्थापक तरुण होता, फार अदबीने वागला. नववा फोटो चौकटीतून काढून त्याने दिव्याखाली धरला आणि कपाळावर हे काय आहे, असं विचारलं. मी सांगितलं, चंदन. तो म्हणाला, आमच्याकडे कागद आणि फोटो दुरुस्त करणाऱ्या एक बाई आठवड्यातून दोनदा येतात, त्या हे बरंचसं काढू शकतील, तुमची हरकत नसेल तर. मुलीने माझ्याकडे पाहिलं.

"आई, बाबांना आवडेल. ही वॉज सो सॅड अबाउट इट."

"हो," मी म्हणाले. व्यवस्थापकालाही म्हटलं, जरूर काढा, माझ्या नवऱ्याला त्याचा फार त्रास व्हायचा. हे म्हणताना मला बरं वाटलं. त्याचं एक राहिलेलं काम आपण करतोय असं वाटलं. परतीच्या वाटेवर आम्ही दोघींनी थांबून सूप प्यायलं, आणि त्या मार्चनंतर पहिल्यांदा मला चव कळली.

उन्हाळ्यात त्यांनी आम्हाला पत्र पाठवलं, फोटो मांडलेत, बघायला या. नऊ जण एका लांब भिंतीवर होते, घरी होते त्याच क्रमाने. खाली नावं होती, आमच्या फिल्मांतून सापडलेली, आणि शेवटी माझ्या नवऱ्याचं नाव, त्याने हे जमवले म्हणून. नवव्याखाली लिहिलं होतं, खेळाडू, नाव अज्ञात. त्याचं कपाळ स्वच्छ होतं. बाकी चेहऱ्यापेक्षा जरा उजळ, पण ते ज्याला ठाऊक आहे त्यालाच दिसावं इतकं. मुलगी म्हणाली, "इट लुक्स ब्यूटिफुल, आई." मला चेंडूचा दोरा दिसत होता, कुंडीखालची घडी दिसत होती. मी बराच वेळ बघत उभी राहिले.

तेवढ्यात दुरुस्ती करणाऱ्या बाई आल्या. माझ्याच वयाच्या असतील, गळ्यात साखळीला चष्मा. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, तुमचे मिस्टर माझ्या चांगले लक्षात आहेत, हाच फोटो घेऊन ते एकदा आले होते.

मी विचारलं, केव्हा.

खूप वर्षं झाली, त्या म्हणाल्या. हिवाळा अजून लागायचा होता, तरी त्यांनी लोकरीची टोपी घातली होती आणि ती आत आल्यावरही काढली नाही. मी त्यांना सांगितलं, ह्यावरचं सगळं नाही पण बरंचसं काढता येईल. तर ते म्हणाले, मला काढायचं नाहीये. हे झडून जाऊ नये, असंच टिकावं, म्हणून काही करता येईल का ते विचारायला आलोय. मी म्हटलं, वस्तू कशा काढायच्या ते मला शिकवलंय, कशा राहू द्यायच्या ते नाही. घट्ट काचेखाली ठेवा, उन्हात लावू नका, बस. त्यांनी आभार मानले आणि त्या तिथल्या बाकावर जरा वेळ बसून मग गेले.

 माझ्या चेहऱ्यावर बाईंना काहीतरी दिसलं असावं.

फोटो पाहिल्यावर मी ओळखला, त्या सावकाश म्हणाल्या. पण कागदावर तुमची संमती होती. मला वाटलं, तुमचं घरात बोलणं झालं असेल.

मुलीने माझा दंड धरला. मी म्हणाले, तुम्ही काम फार छान केलंय. ते खरं होतं.

आम्ही परत निघालो. मुलगी चालवत होती. हायवे लागल्यावर ती म्हणाली, "डिड यू नो?"

"नाही."

"बाबांनी सांगितलं का नाही गं?"

मराठीत विचारलं तिने. मी म्हटलं, मी विचारलं नाही. मग ती रडायला लागली आणि आम्ही एका पेट्रोल पंपावर गाडी थांबवली. "मीच म्हटलं, बाबांना आवडेल," ती म्हणत होती. मी तिला सांगितलं, मलाही तेच वाटत होतं. दोघींनाही त्याच्याबद्दल तेच वाटत होतं, आणि दोघी त्याच्या घरातल्या होतो.

मी त्यानंतर पुष्कळदा तो शनिवार आठवून पाहिला आहे. त्याच्या हातात हातोडीही नव्हती, खिळा आधीच ठोकलेला होता. "असू दे," असं तो म्हणाला तेव्हा त्याची पाठ माझ्याकडे होती. तो स्टुलावर चढला होता, मी स्टूल धरून उभी होते. आणखी एक प्रश्न विचारायला किती वेळ लागला असता. सासूबाईंनी नाव कळलं की फोन कर म्हटलं होतं. फोन करायला नाव हवंच होतं असं नाही. हे त्यालाही नंतर सुचलं असणार, आणि तोवर सांगलीला फोन उचलणारं कोणी राहिलं नव्हतं. म्हणून तो टोपी घालून एवढ्या लांब एकटाच गाडी चालवत गेला, आणि मला म्हणाला असेल, जरा हार्डवेअरच्या दुकानात जाऊन येतो.

दोन आठवड्यांनी त्या बाईंकडून टपालाने एक पाकीट आलं. कामाला हात घालण्याआधी त्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढून ठेवतात, तशी त्यांची पद्धत आहे. नवव्याचा त्यांनी काढलेला तो फोटो मोठा करून पाठवला होता. शेजारी मापाची पट्टी आहे, रंगांच्या चौकोनांची एक पट्टी आहे, आणि दिवा एका बाजूने लावलेला असल्यामुळे कपाळावरचा ठिपका उंचवट्यासारखा दिसतो. बोटाच्या रेषा मोजता येतील इतक्या स्पष्ट आहेत. सोबत चिठ्ठी होती, तीत फक्त, मला वाईट वाटतं, एवढंच.

घर विकायला काढलं आहे. अभ्यासाच्या खोलीत टेबल नाही, पलंग नाही. भिंतीवर खिळे तसेच आहेत, रंगारी येईल तेव्हा काढेल. माझ्याकडे सासूबाईंच्या बोटाचा एक फोटो आहे, आणि स्वयंपाकघरातल्या खणात त्यांची सहाण आणि खोड आहे.